हॅवलॉकची स्कूबा: तारीख नागपुरातून बांधून घेऊ नका

विमान नागपुरातून बुक करा, हॉटेल करा, बोटीचं तिकीट तर कराच. पण स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून, पाण्यात उतरायची तारीख इथून ठरवून पैसे भरू नका. एवढं वाचून कुणी उठलं तरी चालेल, माझा डावा कान सत्कारणी लागला असं समजेन.

फेब्रुवारीत आम्ही दोघं आठ दिवस अंदमानला जाऊन आलो; हॅवलॉक हे तिथलंच बेट. धरमपेठेतल्या एका एजंटनं 'कपल स्कूबा कॉम्बो' गळ्यात मारला: दोघांच्या दोन-दोन, म्हणजे चार डाइव्ह, 28,000 रुपये. मी विचारलं, पोहणं यायला पाहिजे ना? "काही टेन्शन नाही ताई, नाही आलं तरी चालते. माणूस पकडूनच राहते." डॉक्टरचं काही लागतं का? "काही नाही, एक सही असते." हे दोन्ही खरं निघालं, म्हणून तर राग जास्त येतो. माणूस खरंच पकडून राहतो आणि सही खरंच एकच असते. त्या सहीच्या वर काय छापलंय ते मात्र त्यानं सांगितलं नाही आणि मीही वाचलं नाही.

नवरा काटोलचा. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत काठावरून उड्या मारून पोहायला शिकलेला. "अगे, विहिरीच्या तळातून आम्ही मूठभर गाळ काढून दाखवत होतो, समुद्राचं काय सांगून राहिली मले!" ही विहीर पुढे आडवी आली, ते सांगतेच.

नागपूरहून थेट विमान नाही. आम्ही कोलकात्यामार्गे गेलो, रात्र तिथल्या विमानतळावर काढली. त्या एसीत मला सर्दी झाली, साधीच, दोन शिंकांची. दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं हॅवलॉक, आणि त्याच दुपारी दोन वाजता आमची 'डाइव्ह' लिहिलेली होती. बोटीतून उतरलो तेव्हा पोटात अजून लाटा होत्या. काउंटरवर चार जोडपी रांगेत. फॉर्म हातात, पेन हातात, मागचा माणूस घड्याळ बघतोय. त्या फॉर्मवर ठळक विचारलेलं असतं: दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, गरोदर आहात का, सध्या सर्दी किंवा सायनसचा त्रास आहे का. मी सगळीकडे 'नाही' करून सही ठोकली. यात माझी चूक निम्मी. उरलेली निम्मी अशी की, उद्या येते म्हणाले असते तर पैसे बुडाले असते, कारण तारीख बांधलेली होती.

आता एजंटच्या 'तीस मिनिटं पाण्याखाली' याचा हिशोब. पहिली दहा-बारा मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात जातात. तोंडातून श्वास घ्यायचा, रेग्युलेटर (श्वासासाठी तोंडात धरायचा तुकडा) निघाला तर परत कसा घालायचा, मास्कमध्ये पाणी आलं तर नाकानं फुंकून कसं काढायचं, आणि हाताच्या खुणा. हे शिकणं आवश्यकच आहे, पण ते तीस मिनिटांत धरतात हे इथं कुणी सांगत नाही. खुणांमध्ये एक लक्षात ठेवा: अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही, 'मला वर न्या'. मस्तसाठी अंगठा आणि तर्जनीचं गोल वर्तुळ. नवऱ्यानं पहिला मासा दिसताच आनंदानं अंगठा वर केला, आणि शिक्षकानं त्याला इमानेइतबारे वर आणलं. त्याची डाइव्ह अकरा मिनिटांत संपली.

माझी सहाव्या मिनिटाला. मागून एक मुलगा सिलिंडर धरून ढकलत होता, मी बाजारातल्या हातगाडीसारखी पुढे. दर थोड्या वेळानं नाक दाबून हलकं फुंकायचं, म्हणजे कान उघडतात, असं शिकवलं होतं. उजवा टक करून उघडला, डावा नाही. अजून फुंकलं. नाही. डाव्या कानात कुणी बोरू घालून फिरवतंय असं वाटायला लागलं. त्याच्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर होतं: 4.2 मीटर. कान दाखवला, हात हलवला, तरी त्याला कळून थांबेपर्यंत अजून अर्धा मीटर खाली गेलो. वर आले तेव्हा मास्कच्या काचेच्या तळाशी गुलाबी पाणी हलत होतं. नाकातलं रक्त.

नंतर दुसऱ्या एका शिक्षकानं कारण सांगितलं ते इथेच सांगते. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब, दहा मीटरवर दोन. म्हणजे कानाच्या पडद्यामागच्या हवेचा सगळ्यात मोठा चिमटा पहिल्या दहा मीटरमध्येच बसतो. वीसवरून तीसला जाताना एवढा फरक पडत नाही. त्यामुळे 'आम्ही काही खोल नेत नाही' या वाक्यावर निर्धास्त होऊ नका. दुखायच्या आधी फुंकायचं, प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला, आणि उघडलं नाही तर थोडं वर यायचं. जोर लावायचा नाही. आणि सर्दीत कानाची नळी सुजलेली असते, तिथे हे सगळं ज्ञान फुकट. गोळी घेऊन उतरायचा शहाणपणा करू नका. औषधाचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना हवा अडकते, ते आणखी वाईट.

काउंटरवर पैसे परत मागितले. "मॅडम, पानी में तो गए ना?" फोटो-व्हिडिओचे 2,000 वेगळे होते, तेही आधीच कॉम्बोबाहेर घेतले होते. फोटोत मी डोळे मिटून, गाल फुगवून, भूत बघितल्यासारखी. 'सर्टिफिकेट' म्हणून एक रंगीत कागद दिला. तो कशालाही चालत नाही. त्यावर कुणी तुम्हाला दुसरीकडे पाण्यात सोडणार नाही.

हॅवलॉकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी कानात बत्ती घालून बघितलं: पडदा लाल, फाटलेला नाही. सर्दी पूर्ण जाईपर्यंत पाणी बंद, नाक जोरात शिंकरणं बंद.

मधले तीन दिवस छान गेले. राधानगर, काळापत्थर वगैरे. त्यावर सगळेच लिहितात.

त्या दिवसांत खरं काम एकच झालं. नंबर तीनच्या (तिथल्या गावांना आणि किनाऱ्यांना नंबरच आहेत) बाजाराजवळ आम्ही चालत जाऊन चार-पाच डाइव्ह शाळांमध्ये नुसतं विचारत फिरलो. तिथं समोरासमोर भाव 4,500 रुपये माणशी, फोटो त्यातच. म्हणजे चार डाइव्हचे 18,000. आम्ही मोजलेले 28,000, वर फोटोचे 2,000. बारा हजार रुपये 'टेन्शन नाही ताई'चे. हा फरक डोक्यात इतका बसला की जेवताना मी मासळीच्या थाळ्यांत त्याचा भागाकार करत होते. नवरा म्हणाला, "आता सोड ना बाप्पा." मी अजून सोडलेलं नाही.

शाळा कशी ओळखायची? जी आधी पैसे सांगते ती नाही. आम्ही जिथे गेलो तिथल्या बंगाली शिक्षकाचा पहिला प्रश्न होता, "वापसी का फ्लाइट कब है?" एजंटनं आमची दुसरी डाइव्ह शेवटच्या दिवशी सकाळी साडेसहाला लिहिली होती, मग साडेनऊची बोट, आणि पावणेदोनचं विमान. तो कागद बघून त्यानं कपाळाला हात लावला. पाण्याखाली दाबात श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडतो. लगेच विमानाच्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे. सर्वमान्य नियम असा: एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस केल्या असतील तर किमान 18 तास. पूर्ण 24 धरलेत तर आणखी बरं. माझ्या मते हा नियम ज्याला माहीत नाही किंवा जो सांगत नाही, त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

पाचव्या दिवशी नवरा एकटा उतरला आणि त्याचा मास्क गळायला लागला. दोन मास्क बदलले, तरी नाकाशी पाणी. कारण मिशी. काटोलची, लग्नाच्या आधीपासूनची, दोन्ही टोकांना वळलेली. मास्कची कड केसांवर बसत नाही, फटीतून पाणी येतं. शिक्षक म्हणाला, नाकाखालची एक बारीक पट्टी काढली तरी चालेल. नवरा बाजारातल्या सलूनमध्ये गेला; न्हाव्यानं पट्टी काढली, ती वाकडी झाली, सरळ करता करता अख्खी मिशी गेली. पन्नास रुपये. बाहेर आला तेव्हा मी क्षणभर ओळखलं नाही. मिशीवाल्यांनी हा निर्णय नागपुरातच, आपल्या नेहमीच्या माणसाकडे घ्यावा.

मास्क बसला, मग विहीर आडवी आली. विहिरीतला पोहणारा काय करतो? छाती भरून श्वास कोंडतो. स्कूबात हीच पहिली बंदी आहे: श्वास कधीही कोंडायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, आणि तिला बाहेर जायला वाट नसेल तर फुप्फुसाला इजा होते. शिक्षकानं त्याला तीनदा वर काढून झापलं. चौथ्यांदा त्याच्या बुडबुड्यांची माळ सुरू झाली, आणि मग मात्र पठ्ठ्या पंचवीस मिनिटं खाली राहिला. पट्टीचे पोहणारे, हे तुमच्यासाठी. ज्यांना काहीच येत नाही ते इथे लवकर शिकतात.

सातव्या दिवशी माझी पाळी. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी कान बघून हो म्हटलं. सकाळी शिक्षकानं फॉर्म स्वतः एकेक ओळ वाचून विचारला, आणि किनाऱ्यावर कोरड्यातच नाक दाबून फुंकायला लावलं. दोन्ही कान टक झाले, मगच सिलिंडर पाठीवर. मास्कमध्ये थुंकायचं, चोळायचं, पाण्यानं विसळायचं. काचेवर वाफ धरत नाही. किळस करू नका.

नेमो रीफ नावाची पोवळ्यांची जागा, किनाऱ्यावरून चालतच उतरायचं. चार मीटरला त्यानं मुद्दाम थांबवलं. कान उघडले. पाच. सहा. नऊ. माझ्या मनगटाला टेकडीच्या गणपतीचा लाल दोरा होता. तो खाली काळपट-करडा दिसायला लागला, मळल्यासारखा. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो. शिक्षकानं टॉर्च त्यावर धरला आणि दोरा एकदम भडक लाल झाला, कुंकवासारखा. टॉर्च बंद, पुन्हा करडा. हे आम्ही तीनदा केलं. शेजारी समुद्रफुलाच्या बोटांतून दोन क्लाउनफिश आमच्याकडे डोळे वटारून बघत होते, त्यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं. लोक मासे बघायला जातात, मी दोरा बघून आले. वर आल्यावर मी इतकी बडबडत होते की नवऱ्यानं परस्पर पुढच्या वर्षीच्या कोर्सची चौकशी करून टाकली.

त्या आनंदाच्या भरात सांगते, तेवढं कमी करून घ्या: सुट्टीत चार दिवस मोकळे असतील तर ही पकडून नेणारी डाइव्ह करूच नका, सरळ ओपन वॉटर कोर्स करा. महाग आहे, पण 18 मीटरपर्यंतचं खरं प्रमाणपत्र मिळतं आणि ते जगभर चालतं. त्यासाठी 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं यावं लागतं. ते नागपुरातल्या पोहण्याच्या तलावातच पक्कं करून जा, आणि एप्रिल-मे सोडून. त्या दोन महिन्यांत तिथं तरंगायला जागा नसते, माणसांवरच तरंगावं लागतं.

बाकी किरकोळ. तिकिटांवर आता नवी नावं असतात: हॅवलॉक 2018 पासून स्वराज द्वीप, पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम. शोधताना दोन्ही टाकून बघा. बोटीत चढण्याआधी अर्धा तास उलटीची गोळी घ्या, चढल्यावर नाही. संध्याकाळी साडेपाचला अंधार पडायला लागतो, म्हणून दिवस पहाटे सुरू करा. नंबर पाचच्या किनाऱ्यावरचं हॉटेल 'समुद्रात पोहा' म्हणून विकतील. ओहोटीला तिथं पाणी लांब निघून जातं आणि उरतो चिखल, दगड आणि मेलेली पोवळी. रोख थोडी जास्त ठेवा. शंख, पोवळ्यांचे तुकडे उचलून आणू नका, पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. विमानतळावर आमच्या पुढच्या बाईंची पिशवी उलटी करून सगळं काढून घेतलं.

परत आल्यावर मी एजंटच्या ऑफिसात जाऊन बसले. न झालेल्या दोन डाइव्हचे 14,000 परत द्या म्हटलं. "नॉन-रिफंडेबल असते ताई." मी फॉर्मचा फोटो आणि त्याच्या हातचा तो पावणेदोनच्या विमानाचा कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवला, आणि समोर बसलेल्या नव्या जोडप्याला 18 तासांचा नियम समजावून सांगायला लागले. चौथ्या मिनिटाला त्यानं 4,000 काढून दिले. उरलेले मार्चअखेर देतो म्हणाला होता. आज 20 एप्रिल.