मामाचं कॅन्टीन कार्ड आणि बेळगावची दोन दिवसांची फेरी

बेळगावला मामाकडं जातोय म्हणल्यावर ऑफिसातल्या दोघांनी पहिलं हेच विचारलं, तुझे मामा मिलिटरीत होते ना, मग येताना मिलिटरी कॅन्टीनातल्या स्वस्तातल्या दोन बाटल्या आण की. मीपण बघतो म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सगळ्यांच्या तोंडचं लिहिणार आहे आणि माझं तोंड तेवढं स्वच्छ होतं असं कुणाला वाटायला नको.

कोल्हापुरातनं थेट गाडी चुकली म्हणून कागल करत निपाणी गाठली आणि स्टँडवर कर्नाटकची लाल बस पकडली. नोव्हेंबरचा शेवट, म्हणजे उसाचा हंगाम ऐन भरात, संकेश्वरच्या अलीकडं एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या आणि मागं आमची बस हॉर्न मारत. शेजारी एक आजी बसलेल्या. कंडक्टर आला, आजींनी कनवटीचं आधार कार्ड काढून दाखवलं आणि झिरो तिकीट घेतलं. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजना आहे, इथल्या बायकांना सरकारी साध्या बसला पैसे पडत नाहीत. मी मात्र पूर्ण तिकीट काढलं.

कुठं चाललास, कुणाकडं, हे सगळं झालं. मामा मिलिटरीतनं रिटायर आहेत म्हणल्यावर आजी सावरून बसल्या. "मग काय, मज्जा हाय की त्येंची. पेन्शन हाय, दवाखाना हाय, कॅन्टीन हाय. किती पेन्शन बसती त्येंना?" मी म्हणलं, विचारलं नाही कधी. त्यांचा काय विश्वास बसला नाही. "आमी जलमभर रानात राबलो, आमाला कोण देतंय?" आणि हे बोलताना झिरो तिकिटाची घडी घालून घालून त्यांनी ते करंगळीएवढं केलं होतं. हसू आलं, पण बोललो काही नाही, कारण रानात राबल्याचं खोटं नव्हतं. आणि पाचच मिनिटांनी त्याच आजी सांगायला लागल्या की त्यांच्या बहिणीचा नातू काश्मीरला आहे, सुट्टीवर आला की गावातली पोरं त्याला आणायला स्टँडवर जातात, लई गुणाचं पोरगं. अभिमान नुसता ओसंडत होता. संकेश्वरला उतरताना परत म्हणाल्या, "विचार हां मामाला, किती बसती."

बेळगाव स्टँडवर मामा स्कूटर घेऊन उभे. घरी नंतर, आधी कॅम्पात कॅन्टीनला जाऊन येऊ म्हणाले. बेळगावचा कॅम्प मला कायम आवडतो, बाजारातल्या गल्ल्यांचा गोंगाट एका वळणावर संपतो आणि एकदम मोठी झाडं, पांढऱ्या चुन्यानं रंगवलेले बुंधे, बैठी जुनी बंगलेवजा घरं. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर इथं १९२२ पासून आहे, रेजिमेंट त्याहून जुनी, पहिली पलटण १७६८ मधली. कोल्हापूर, सातारा, कोकण, खानापूर, चंदगड, सगळीकडची पोरं इथंच येऊन घडतात. मामा ८५ साली अठरा वर्षांचे असताना ह्याच गेटातनं आत गेले. गेटावरनं जाताना स्कूटरचा वेग आपोआप कमी होतो त्यांचा, मुद्दाम करतात असं नाही.

मला अर्थातच आत सोडलं नाही, मी बाहेर झाडाखाली थैल्या घेऊन. तिथं मजा वेगळीच. पांढऱ्या मिशांचे चार-पाच जण टोकन घेऊन बसलेले, एकमेकांना अजून पलटणीच्या नंबरानं ओळखतात. एक जण आतनं वैतागत आला, कार्डाचा पिन तीनदा चुकला. दुसरा म्हणाला, "सर्व्हिस नंबर झोपेत विचार, सांगेल. पिन चार आकड्यांचा खरं आठवत न्हाई." (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं आणि बेळगावात 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात.) मामा आले तेव्हा थैलीत काय होतं? तेल, साबण, चहापत्ती, टूथपेस्ट आणि मामीसाठी एक प्रेशर कुकर. एवढ्यासाठी अर्धा दिवस. मी हळूच बाटलीचा विषय काढला. मामांनी थैली स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि शांतपणे म्हणाले, "ते कार्ड माझ्या नावावर हाय रे. तुझ्या हाफिसातल्यांनी भरती व्हावं." विषय संपला.

मामांचं गाव चंदगड रस्त्याला, उचगाव फाट्याच्या पुढं. अजून थोडं गेलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. १९५६ पासून ही रेघ आहे आणि वाद २००४ पासून सुप्रीम कोर्टात. पण संध्याकाळी कट्ट्यावर बसल्यावर कळतं की इथल्या माणसाला दोन्ही सरकारांचे रेट तोंडपाठ असतात. महाराष्ट्रानं २०२० साली माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली ते कुणीतरी काढलं, त्यावरनं तिकडं लाडकी बहीण १५०० आणि इकडं गृहलक्ष्मी २००० वर गाडी गेली, आणि फिरून मामांच्या पेन्शनवर आली. येणारच होती.

कट्ट्यावर एक प्राथमिक शाळेतले सर होते, चाळिशीतले. ते जरा चिडूनच बोलले. "मामा, तुमच्याबद्दल न्हाई. खरं बघा, केंद्रात २००४ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, आमची इकडं एप्रिल २००६ नंतरच्यांची, तिकडं महाराष्ट्रात नोव्हेंबर २००५ नंतरच्यांची. फौजेची तेवढी राहिली. वर परत वन रँक वन पेन्शन." दोघातिघांनी मान हलवली. मला वाटलं मामा उखडतील. ते म्हणाले, "सर, तुम्ही कितव्या वर्षी उतरणार?" साठाव्या. "मी बेचाळीसला उतरलो. हवालदाराला ठेवतच न्हाईत पुढं. थोरली धाव्वीला, धाकटा सहावीला. निम्मी पेन्शन विकून, म्हंजे आधीच एकरकमी उचलून घर बांधलं, ते पंधरा वर्षं म्हयन्याला कट व्हायचं, गेल्या साली सुटलं. मधली सगळी वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभारलो. स्टुलावर बसलेलं दिसलो की लोक म्हणायचे, पेन्शन खाऊन वर पगार खातंय."

वन रँकचं त्यांनी बिस्किटांवर समजावलं, पार्लेची दोन बिस्किटं बशीत शेजारी ठेवून. दोघंही हवालदार, सर्व्हिस सारखीच, हा नव्वदला उतरला, तो दोन हजार दहाला. सियाचिनची थंडी दोघांना तेवढीच वाजली, खरं ह्याला पेन्शन कमी, त्याला जास्त, कारण मधी पगार वाढला. ते सारखं करा म्हणून जंतरमंतरवर म्हातारे बसले, सप्टेंबर २०१५ मध्ये घोषणा झाली, लागू १ जुलै २०१४ पासून, आणि दर पाच वर्षांनी हिशेब परत. सरांनी ऐकून घेतलं, नव्वदचं बिस्किट चहात बुडवलं आणि म्हणाले, "ते बरोबर हाय हो. मग आमची का काढली?" ह्याचं उत्तर मामांकडं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला तोच कट्ट्यावरचा सगळ्यात सरळ प्रश्न वाटला. राग मामांवर नव्हताच, आपल्या ताटातलं गेलं आणि शेजारच्याच्या ताटात दिसतंय, एवढंच. दिसतं ते ताट मात्र मामांचं.

रात्री मामींनी भाकरी थापता थापता वेगळंच सांगितलं. वरच्या आळीत एक जवानाची बायको आहे, नवरा सर्व्हिसमध्ये असताना अपघातात गेला. फॅमिली पेन्शन आहे, तीपण पहिली दहा वर्षं शेवटच्या पगाराच्या निम्मी आणि मग तीस टक्क्यांवर येते. दिवाळीला तिनं फ्रीज घेतला. तर नळावर बायका म्हणाल्या, नवरा गेला खरं पगार चालू हाय की. "त्याच बायका पंधरा ऑगस्टला तिला ओवाळायला पुढं," मामी म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. मी पुढचा घास बराच वेळ हातात धरून बसलो.

सकाळी साडेपाचला जाग आली ती बुटांच्या आवाजानं. चंदगड रस्त्यावर अंधारात पोरं पळत होती, दहा-बाराजण, एक मोबाईलवर टायमिंग लावून उभा. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आलं तर पूर्ण ६० मार्क. अग्निवीरची, म्हणजे फौजेतल्या चार वर्षांच्या भरतीची तयारी. मी स्वेटर घालून उभा, ती बनियनवर वाफाळत. दम खात बसलेल्या एकाला विचारलं, चार वर्षांनी काय? शंभरातली पंचवीस ठेवणार, बाकीच्यांना ११ लाख ७१ हजार देऊन घरी, पेन्शन नाही, माजी सैनिक म्हणून धरणार नाहीत, कॅन्टीन कार्डसुद्धा नाही. त्याला हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. "ठाऊक हाय की," तो म्हणाला, "खरं पंचवीसात आलो तर?" मग बुटाची नाडी बांधता बांधता मान वर करून त्यानं विचारलं, "तुम्ही हवालदार मामांचे भाचे न्हवं? किती पेन्शन बसती हो त्येंना?"

विचारलं नाही, म्हणालो.

दुपारी मामांनी बेळगावला सोडलं. खडेबाजारात शिरून अर्धा किलो कुंदा घेतला, तो गरम होता म्हणून पिशवीच्या तळाला तुपाचा डाग पडला. मामींनी वर एक कॅन्टीनचा साबण कोंबला होता, तेवढंच. बस काकतीच्या पुढं गेल्यावर ऑफिसातनं फोन आला, मिळाल्या काय रे. म्हणलं कुंदा आणलाय. पलीकडं जरा वेळ शांत, मग म्हणतो, "मामा असून काय उपयोग मग?"