डोंबिवली ते बीकेसी: रोज कसं जायचं हे ठरवताना

नोकरीचं पत्र आलं त्या संध्याकाळी घरात पेढे आले, आणि पेढा तोंडात असतानाच सासूबाईंनी विचारलं, "अगं, पण रोज जाणार कशी?"

मी डोंबिवली पूर्वेला राहते. आधीची नोकरी ठाण्यात होती, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. नऊ वर्षं तिथे काढली. नवी नोकरी बीकेसीत, म्हणजे मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलात. सीएसएमटी, म्हणजे मुंबईतलं लोकलचं शेवटचं स्टेशन, तिथपासून डोंबिवली 48 किलोमीटर आणि कुर्ला 15, म्हणजे लोकलमधला प्रवास 33 किलोमीटरचा. त्यापुढे कुर्ल्याहून बीकेसी तीनेक किलोमीटर. साडेनऊला हजेरी, सहाला सुट्टी, आणि लेक तिसरीत. सासूबाईंचा प्रश्न अगदी योग्य होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

नोटीस पिरियड महिन्याभराचा होता. त्यात शिल्लक रजांपैकी दोन दिवस काढून मी ऑफिसच्या वेळेला बीकेसीला जाऊन आले. रविवारी जाऊन बघण्याला काही अर्थ नसतो. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, रस्ते मोकळे असतात, गर्दीचं गणितच वेगळं असतं. मोबाइलवरचा नकाशाही किती मिनिटं लागतील तेवढं सांगतो. गाडीत पाय ठेवता येईल का, हे तो सांगत नाही.

सगळ्यात आधी चारचाकीचा पर्याय पुढे आला. आमच्या सोसायटीतले एक काका रोज गाडीने बीकेसीला जातात, चौघांत पेट्रोल वाटून. माणकोली पुलावरून नाशिक हायवे, मग ठाणे, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. 14 ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झालाय, त्यामुळे खर्चही आवाक्यातला. पहिल्या दिवशी पावणेदोन तासांत पोचलो, बसून, गप्पा मारत. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या अलीकडे एक ट्रक बंद पडला आणि तोच रस्ता दोन तास पंचवीस मिनिटांचा झाला. पण मला अडचण वाटली ती वेगळी. शाळेतून फोन आला, लेकीला ताप आहे, तर मी निघणार कशी? काकांची वेळ सातची. दुसऱ्याच्या गाडीत आपण दुसऱ्याच्या घड्याळाला बांधलेलो असतो. ते फार चांगले आहेत, त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, पण मी नम्रपणे नाही म्हटलं.

मग खासगी एसी बस. ॲपवर सीट राखायची, कोपऱ्यावर उभं राहायचं. दोन आठवडे केलं. सकाळी झोप मिळायची, साडीची घडी मोडायची नाही. मात्र तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी मी थांब्यावर उभी असताना मेसेज आला की आजची फेरी रद्द. पैसे परत मिळाले, पण त्या दिवशी मी पावणेअकराला ऑफिसात पोचले, आणि नव्या नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात पावणेअकराला पोचणं काय असतं ते नोकरी करणाऱ्याला सांगायला नको.

तेव्हा शेवटी लोकलच. इथवर सगळेच येतात. पण लोकलने जायचं म्हटलं तरी कुठल्या लोकलने, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते खरी निवड तिथेच असते.

पहिले काही दिवस मी फास्टने, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या लोकलने गेले. पाच नंबरच्या फलाटावर लेडीज डब्याच्या जागी उभं राहायचं. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या भरूनच येतात, डोंबिवलीला दारात हात धरायला दांडा मिळाला तरी बायका आत सरकल्या असं म्हणायचं. मी एक नियम आधीपासून पाळत आले आहे, दारात उभं राहायचं नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडली आणि त्यांतली काही गेली, तेव्हा मी ठाण्याच्या ऑफिसात होते. त्या सकाळी मीही त्याच वळणावरून आले होते. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत नवऱ्याचे अकरा फोन. त्यानंतर गाडी सुटली तर सुटली, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय. फास्टच्या वेळी हा नियम पाळायचा म्हणजे रोज एक-दोन गाड्या सोडणं आलं. आणि आत शिरलं की कुर्ल्याला उतरणं हे आणखी एक काम. घाटकोपर सुटलं की लगेच "कुर्ला? कुर्ला?" असं विचारत पुढे सरकायला लागायचं. एकदा माझ्या पर्सचा पट्टा कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीत अडकला. मी फलाटावर, पर्स आत, आणि गाडी हलायला लागलेली. एका मावशींनी आतून पट्टा सोडवून पर्स माझ्या अंगावर फेकली. त्यांचा चेहराही मी पाहू शकले नाही. त्यांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

एसी लोकलही करून पाहिली. गाडी मिळाली तर उत्तम. दारं बंद होतात, हा माझ्या दृष्टीने गारव्यापेक्षा मोठा फायदा. पण फेऱ्या कमी, माझ्या वेळेला जुळणारी एकच, आणि ती चुकली की पुढचीसाठी बराच वेळ थांबायचं. पासाचा खर्चही सेकंडच्या कितीतरी पट. ज्यांच्या वेळेला दोन-तीन एसी गाड्या आहेत त्यांनी जरूर विचार करावा. मला एका गाडीच्या भरवशावर महिना काढणं जमलं नाही.

याच दिवसांत मी एक वही केली. लेकीची जुनी रफ वही, मागच्या कोऱ्या पानांवर तीन रकाने. घर किती वाजता सोडलं, ऑफिसच्या खुर्चीत किती वाजता बसले, आणि बसायला मिळालं का. तिसऱ्या रकान्यात बरोबर किंवा फुली. महिन्याने पानं उलटून पाहिली तेव्हा फास्टच्या दिवसांत सरासरी एक तास चाळीस मिनिटं लागत होती. मग डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो धरून पाहिली. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, पुढे मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी, प्रत्येक ठिकाणी थांबत जाते, त्यामुळे आमच्याकडे लोक तिला नाकं मुरडतात. तिचे दिवस मोजले तर एक तास त्रेपन्न मिनिटं. फक्त तेरा मिनिटांचा फरक! फास्टने वाचलेला वेळ फलाटावर गाड्या सोडण्यात जात होता. आणि स्लोच्या दिवसांपुढे जवळजवळ सगळ्या बरोबरच्या खुणा, कारण गाडी रिकामी लागते. दहा-बारा मिनिटं आधी फलाटावर जाऊन उभं राहिलं की बसायला मिळतं.

तेरा मिनिटं लवकर उठायचं, इतकंच. सकाळचा प्रश्न सुटला.

कुर्ल्यापासून पुढचे तीन किलोमीटर मात्र आधीच्या तेहतीसपेक्षा जास्त डोकं खातात. पुलावरून पश्चिमेला बाहेर पडायलाच आठ-दहा मिनिटं. खाली शेअर रिक्षाची रांग. रांग सरळ असेल तर दहा मिनिटं, पण रिक्षाच आल्या नाहीत तर पंचवीस. सीटचा दर ठरलेला असतो, तरी सुट्टे नसले की वाद, पाऊस आला की दर वेगळा. बेस्टची 310 नंबरची बस आहे, कुर्ला स्टेशन ते वांद्रे, बीकेसीतून जाणारी. साध्या बेस्टचं किमान भाडं मे 2025 मध्ये 5 रुपयांवरून 10 रुपये झालं, तरीही सगळ्यात स्वस्त तीच. ती समोर उभी असली की चढायचं, नसली की रिक्षाच्या रांगेत, असं मी ठरवून टाकलंय. थंडीच्या दिवसांत चालतही गेले. मिठी नदीच्या पुलावरून पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात, वासही सोसावा लागतो, पण आपण वेळेवर पोचणार याची खात्री चालणाऱ्यालाच असते. घरून निघताना पायात साधे बूट आणि ऑफिसची चप्पल पिशवीत, हे कुर्ल्याला उतरणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगेन.

घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका, तिथे बदलून भुयारी मेट्रोने बीकेसी, हाही एक रस्ता आहे. दोनदा गेले. रस्त्यावरची कटकट एकदम संपते. पण सकाळी घाटकोपरच्या पुलावर मेट्रोच्या तपासणीची जी रांग लागते, तिच्यात वाचलेली मिनिटं जातात. तो रस्ता मी पावसाळ्यासाठी राखून ठेवलाय. मोठ्या पावसात कुर्ला-सायनच्या सखल भागात रुळांवर पाणी येतं आणि अनेकदा गाड्या त्याच्या अलीकडेच थांबतात. अशा दिवशी घाटकोपरपर्यंत पोचलं तरी ऑफिस गाठता येईल.

संध्याकाळने मला जास्त रडवलं, आणि हे अगदी खरं सांगते. साडेसहाला कुर्ल्याच्या फलाटावर उभं राहायचं, सीएसएमटीहून भरून आलेली गाडी समोरून जाऊ द्यायची, दुसरी जाऊ द्यायची, तिसरीत चढायचं. आत शिरलं की ठाण्यापर्यंत एका पायावर. डिसेंबरच्या शेवटी कमरेचं दुखणं इतकं वाढलं की डॉक्टरांनी पट्टा दिला. तो पट्टा बांधून मी त्याच गर्दीत उभी राहायचे. एका रात्री घरी येऊन मी पर्सही न काढता सोफ्यावर बसले. लेक पाढे म्हणून दाखवायला आली आणि मी तिला म्हटलं, उद्या. ती काही बोलली नाही, वही मिटून आत गेली. नवऱ्याने विचारलं, सोडायची का नोकरी? मी खरंच विचार करत होते.

वाट दाखवली ऑफिसातल्या अंबरनाथच्या एका सहकारी बाईंनी. लंचला मी पट्टा सैल करत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "तू कुर्ल्याला कशाला जातेस? उलटी जा. मेट्रोने सीएसएमटीला जा आणि बसून ये."

डोंबिवलीकराला उलटं जाणं नवीन नाही. सीटसाठी मागे जाऊन गाडी धरणारी माणसं आमच्याकडे घरोघर आहेत. पण बीकेसीहून सीएसएमटी हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण तोपर्यंत ते शक्यच नव्हतं. मेट्रो 3 ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी सुरू झाली, मे 2025 मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली, आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा 9 ऑक्टोबर 2025 ला लोकांसाठी खुला झाला. साडेतेहतीस किलोमीटर, 27 स्थानकं. मी नोव्हेंबरमध्ये रुजू झाले. म्हणजे रस्ता माझ्या आधी जेमतेम महिनाभर तयार झाला होता आणि मी दोन महिने कुर्ल्याला कंबर मोडून घेत होते.

दुसऱ्याच दिवशी गेले. ऑफिसपासून स्टेशनपर्यंत चालत नऊ मिनिटं, सरकते जिने उतरत खोल खाली, साधारण पंचवीस मिनिटांत सीएसएमटी. वर आले तर इंडिकेटरवर दहा मिनिटांनी सुटणारी डोंबिवली लोकल लागलेली. गाडी नुकतीच आत येत होती. बायका उतरल्या आणि मी चढले. समोर रिकामा बाक. मी खिडकीशी बसले, पट्टा सैल केला, पिशवी मांडीवर घेतली. भायखळा गेलं, दादर गेलं. कुर्ल्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून तोच फलाट दिसला, रोज मी ज्या खांबाशी उभी असायचे तो खांब दिसला, आणि त्याच्याभोवती तशाच उभ्या असलेल्या बायका. चढलेल्यांपैकी एकीने विचारलं, "कुठे उतरणार?" मी म्हटलं, डोंबिवली. तिचा चेहरा पडला. ठाण्यानंतर मी उठून तिला बसवलं. तेवढं उभं राहायला माझी कंबर आता हरकत घेत नाही.

या रस्त्याने घरी पोचायला वीस मिनिटं जास्त लागतात. मेट्रोचं भाडं, जे अंतराप्रमाणे 10 ते 70 रुपये आहे, ते वेगळं. रोज परवडत नाही, म्हणून मी आठवड्यातून तीन दिवस ठरवले, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसात थोडं थांबून कुर्ल्याहूनच सुटणारी गाडी मिळते का ते पाहते. त्यासाठी पास मात्र कुर्ल्याऐवजी सीएसएमटीपर्यंतचा करून घेतला. तीन महिन्यांचा काढला की महिन्याच्या पासाच्या 2.7 पट पैसे पडतात, तिप्पट नाही, शिवाय दर महिन्याची आठवण ठेवायला नको.

कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो 12 चं काम चालू आहे. तिचा मला बीकेसीसाठी किती उपयोग होईल ते ती धावायला लागेल तेव्हा पाहीन, वहीत नवा रकाना करून.

वही अजून चालू आहे. पाढे आता आम्ही फोनवर करतो. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, दादर सुटलं की मी फोन लावते आणि लेक तिकडून सुरू करते. सतराचा पाढा घाटकोपरच्या आधी चुकतोच. पास 3 तारखेला संपतोय. पुढचाही तीन महिन्यांचा, सीएसएमटीपर्यंतचाच काढणार आहे.