आमची वाटचाल: परळचं वाइन शॉप आणि त्यातला खरा नफा

परळ-लालबागच्या पट्ट्यात आमच्या घराण्याचं वाइन शॉप आता तिसऱ्या पिढीच्या हातात आहे. परवाना एफएल-2. म्हणजे सीलबंद बाटली विकायची, काउंटरवर प्यायला द्यायची नाही. असे नवे परवाने राज्याने सत्तरच्या दशकातच थांबवले, म्हणून या धंद्यात शिरायचं तर जुना परवाना वारसाने मिळायला हवा, नाहीतर विकत घ्यायला हवा. आमच्या ताळेबंदात त्या कागदाची किंमत नाममात्र आहे, त्यामुळे नफा गुबगुबीत दिसतो. कर्ज काढून परवाना घेणाऱ्याने आधी त्याचं व्याज वजा करावं, मग नफ्याबद्दल बोलावं.

गिरण्या चालू होत्या तेव्हा इथे क्वार्टर (180 मिलीची बाटली) आणि पगाराचा आठवडा यांवर दुकान चालायचं. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींशेजारी टॉवर उभे राहिले आणि मागणी स्कॉच, वाइन, कॅन बिअरकडे सरकली. महागडी बाटली विकली की जास्त सुटतं, असा सर्वसाधारण समज. हिशेब मांडून पाहा. आमचं मार्जिन एमआरपीवर 8 टक्के धरू. 6,000 रुपयांच्या स्कॉचवर 480 सुटतात. पण ती बाटली सहा महिने कपाटात बसली, तर अडकलेल्या 5,520 रुपयांवर वर्षाला 12 टक्क्यांनी 331 रुपये व्याज जातं. उरतात 149. तेच 205 रुपयांच्या क्वार्टरची 48 नगांची पेटी 9,840 ची. त्यावर 787 सुटतात आणि ती दोन दिवसांत संपते. पैसा मार्जिनने येत नाही, माल फिरल्याने येतो. म्हणून आम्ही स्कॉचचे जे ब्रँड महिन्यात हलत नाहीत त्यांची एकेकच बाटली ठेवतो. ठोक विक्रेत्याची स्कीम कितीही गोड असली तरी.

205 हा आकडा हवेतला नाही. जून 2025 मध्ये सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं आणि 180 मिलीच्या किमान किमती ठरवल्या: देशी 80, महाराष्ट्र मेड लिकर (राज्यातच धान्यापासून बनणारी) 148, भारतीय बनावटीची विदेशी 205, प्रीमियम विदेशी 360. किंमत वाढली की टक्क्यात मार्जिन तेवढंच राहतं, पण तेवढ्याच बाटल्या भरायला भांडवल जास्त लागतं. त्यात दारू जीएसटीबाहेर. दुकानाच्या भाड्यावर, फ्रिजवर, सॉफ्टवेअरवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे करातली वजावट, आम्हाला मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. नवे दुकानदार हेच विसरतात.

बिअरचं गणित निराळं. 650 मिलीच्या 12 बाटल्यांची पेटी फार जागा खाते, मुदतही मर्यादित. म्हणून बॅचची तारीख पाहून जुनी पेटी पुढे, नवी मागे. उन्हात ठेवलेल्या हिरव्या बाटलीला वास येतो, फ्रीझरमध्ये विसरली तर फुटते. एप्रिल-मे महिन्यात दुकानाचा खरा तोटा मालाअभावी नसतो, गार बाटलीअभावी असतो. गिऱ्हाईक 'चिल्ड नाही?' विचारतं आणि पुढच्या दुकानात जातं.

ड्राय डेला विक्री बुडते असं नाही, बरीचशी आदल्या संध्याकाळी सरकते. 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी, अनंत चतुर्दशी यांच्या आधी गोडाऊनपेक्षा फ्रिज भरून ठेवणं जास्त कामाचं. मतदान संपेपर्यंतचे 48 तास बंद मात्र वेगळे, ते सलग असल्याने खरोखर अंगावर येतात. मे 2020 मध्ये तर मुंबईत दुकानं उघडली न उघडली तोच पुन्हा बंद झाली आणि महिनाअखेरीस घरपोचवर काम सुरू झालं. तेव्हापासून फोनवरच्या ऑर्डरची वही वेगळी ठेवतो.

गळती कुठे होते? फुटतूट गाडीतून उतरवतानाच पेटी हलवून, ओल बघून, तिथेच लिहून घ्यायची. हमाल गेल्यावर ती आपली. दुसरी गळती बारीक असते. एकाच किमतीचे दोन ब्रँड शेजारी असले की गर्दीत एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं. गल्ला पैनपै जुळतो, पण एका ब्रँडचे दोन नग कमी, दुसऱ्याचे दोन जास्त. उत्पादन शुल्क खात्याच्या तपासणीत मोजणी ब्रँडवार आणि मापवार होते, म्हणून गल्ला जुळणं तिथे कामी येत नाही. आम्ही दुपारी गर्दी नसते तेव्हा पाच ब्रँड मोजतो. रोज वेगळे पाच. काउंटरवरच्या प्रत्येकाचा नोकरनामा (दुकानात काम करायची खात्याची नावानिशी परवानगी) लागतो, बदली माणूस 'दोन दिवसांपुरता' उभा करायचा नाही. वयाबाबतही तेच: बिअर-वाइनला 21, कडक दारूला 25. चेहऱ्यावरून अंदाज करू नये, ओळखपत्र मागावं.

जागेचा धोका वेगळाच. 2016 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दुकानं हटवायला सांगितली, पुढच्या वर्षी महापालिका हद्दीला सूट मिळाली. वॉर्डात 'आडवी बाटली'चं, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीचं मतदान होऊ शकतं ते आहेच. मार्च 2025 पासून सोसायटीच्या गाळ्यात नवं दुकान टाकायला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. म्हणून गाळा बदलायचा विचार करणाऱ्याने आधी पत्र, मग भाडेकरार, मग फर्निचर असा क्रम ठेवावा. आणि नूतनीकरणाची रक्कम जानेवारीपासून बाजूला काढत जावी, कारण परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि त्याच सुमारास उन्हाळ्याच्या बिअरसाठीही पैसा लागतो.