पंधरा मिनिटं

गुरुवारपासून तेच डोक्यात फिरतंय, आज सोमवार. इथे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या ट्राममध्ये, भांडी घासताना, सईचा डबा भरताना. वाक्य इतकं साधं होतं की कुणाला सांगितलं तर म्हणतील त्यात काय एवढं. नवऱ्याला सांगितलं तर तो हेच म्हणाला.

झालं असं की २६ मेला सॉरी डे असतो, इथल्या मूळ रहिवाशांची मुलं आईबापांपासून तोडली त्याच्या आठवणीचा दिवस, त्या आठवड्यात लायब्ररीतल्या वाचनगटाने ॲली कॉबी एकरमन या मूळ रहिवासी कवयित्रीचं 'इनसाइड माय मदर' हे कवितांचं पुस्तक घेतलं होतं. मी या गटात सहसा गप्प असते, इंग्रजीत चारचौघात बोलायचं म्हणजे वाक्य आधी मनात दोनदा घोळवावं लागतं आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. पण यावेळी ठरवून गेले होते. आई हा तर माझाच विषय. आणि बोलले पण, छान सलग बोलले, की मला हे सगळं अगदी आतून कळतं, मी पण अकरा वर्षं आईपासून लांब आहे.

खिडकीशी बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, पण ती कुठे आहे हे तुला माहीत होतं ना?

मी म्हटलं, हो.

त्या "बरं" म्हणाल्या आणि परत पुस्तकात बघायला लागल्या. टोमणा नव्हता हो, तेच तर! टोमणा असता तर मी घरी येऊन मस्त चिडले असते, चार दिवस पुरलं असतं. त्यांना खरंच माहिती हवी होती, इतकंच. मग चहा झाला. मला खाली बघत बिस्किट खाताना काय वाटत होतं ते मलाच माहीत.

अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि हे! पहिले दोन दिवस नुसतं असंच वाटत राहिलं, की आमचं दुःख कधी दुःखात धरलंच जाणार नाही का, आम्ही काय इथे मजेत आलो का, बाबांच्या वेळी पोचले नव्हते ते कुणाला सांगायचं. जाऊ दे.

मग पुस्तक परत काढलं. एकरमनची गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही, माहीत होती, पण आकडे नीट बघितले नव्हते. १९६३चा जन्म, तान्ही असतानाच दत्तक दिली, इथून दोनेक तासांवर उत्तरेला ब्लाइथच्या बाजूला शेतावर वाढली. आई भेटली तेव्हा ही ३४ वर्षांची. आणि तिची आईसुद्धा लहानपणी तिच्या आईपासून तोडलेली, आणि हिचा मुलगाही जन्मल्यावर दत्तक गेला आणि तो मोठा झाल्यावर भेटला. म्हणजे एकाच घरात ओळीने सगळे जण एकमेकांना शोधतायत. सरकारनेच मूळ रहिवाशांची मुलं उचलायची पद्धत लावलेली, १९९७ला त्याचा मोठा अहवाल आला, २००८च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ही माफी मला तोंडपाठ आहे, सिटिझनशिपच्या परीक्षेच्या वेळी घोकली होती. घोकलीच होती.

आई सापडली. हे वाक्य मी मराठीत करून बघत होते आणि तिथेच अडकले. किल्ल्या सापडतात, चष्मा सापडतो, आईच्या बाबतीत हे क्रियापद मी आयुष्यात एकदाच वापरलं असेल, सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत हात सुटला होता तेव्हा. पाळण्यापाशी. मी सहा वर्षांची असेन. पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं मला अजून स्वप्नात येतात, लाऊडस्पीकर, भज्यांच्या तेलाचा वास, सगळ्या बायकांच्या साड्या आईसारख्या आणि एकही आई नाही. पंधरा मिनिटांचं मी एवढं भांडवल करून बसलेय आणि तिकडे ३४ वर्षं. त्या बाईंनी तेवढंच मोजायला सांगितलं मला. मोजलं. आता काय करू?

परत त्याच कविता वाचल्या. अवघड नाहीत हेच त्यांचं अवघड आहे, छोट्या ओळी, साधे शब्द, माझ्यासारखीला डिक्शनरी लागत नाही म्हणून मला वाटलं होतं की आपल्याला कळल्या. ज्या आईला एवढं शोधलं ती परत गेली, आता कायमची, तो शोक आहे या पुस्तकात, आणि मी तो वाचताना व्हॉट्सॲपवर आईला भाजी काय केली विचारत होते. नावाचं मराठी करायला गेले तर 'आईच्या पोटात' होतं. 'आत' म्हटलं तर कोरडं, 'पोटात' म्हटलं की आपली माया, चुका पोटात घालणं, सगळं गोतावळ्यासकट येतं. पण तिची आई तिला पोटातच काय ती मिळाली, पुढची ३४ वर्षं नाही. म्हणजे 'पोटात'च बरोबर. की नाही? ठेवलं तसंच.

'आय टेल यू ट्रू' नावाची तिची एक जुनी कविता आहे, ती दारू पिणाऱ्या बाईच्या तोंडी आहे. यमकं जुळवलेली, जवळजवळ गाण्यासारखी, म्हणते मला दारू सुटत नाही, आणि प्रत्येक कडव्यात एक मेलेलं माणूस, मुलगी, बहीण, आई. शेवटी म्हणते की अशी कुणी बरळताना दिसली तर लगेच निवाडा करू नका, तिने काय काय उराशी धरलंय तुम्हाला माहीत नाही. मला इथल्या बाजारातली, रंडल मॉलमधली ती बाकावरची बाई आठवली. तिच्याजवळून जाताना मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेते. दर वेळी.

तिच्या एका छोट्या पुस्तकाचं नाव 'कमी' आहे. तिच्या यांकुनित्जत्जारा भाषेत कमी म्हणजे आजी. हे समजेपर्यंत मी ते आपल्याच अर्थाने वाचत होते आणि मला अजिबात खटकलं नव्हतं.

'रुबी मूनलाइट' पण तिचंच, कवितांमधली कादंबरी. १८८०च्या आसपासची, मूळ रहिवाशांची अख्खी टोळी मारली जाते, एक मुलगी उरते. तो सगळा भाग इथल्या मिड-नॉर्थचा, आणि आम्ही लाँग वीकेंडला क्लेअरला गेलो होतो तेव्हा त्याच बाजूच्या गव्हाच्या शेतांत उभं राहून फोटो काढलेत, डीपीला होता एक. आज काढला. का काढला कुणास ठाऊक, त्याने काय होणारे.

सेटलमेंट हा शब्द पण आला एकदा बोलण्यात आणि मला एकदम आपली सोलापूरची सेटलमेंट डोळ्यांपुढे आली. रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हटलं की तो नेतो, इतकंच ते माझ्यासाठी होतं. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची माणसं तिथे तारेच्या कुंपणात ठेवली होती, १९५२ला सोडली. शाळेच्या वाटेवर रोज. कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. हे गटात नाही बोलले. इथेही आज नको.

२०१७ला एकरमनला विंडहॅम-कॅम्बल हे साहित्याचं मोठं बक्षीस मिळालं, १ लाख ६५ हजार अमेरिकन डॉलर, ईमेल आला तेव्हा ती कॅरॅव्हॅनमध्ये राहत होती, हाताला नोकरी नाही. आणि मी इथे तीन बेडरूमच्या घरात बसून गेले चार दिवस स्वतःची कीव करतेय, मॉर्गेज आहे म्हणा, पण तरी.

शेवटी आज आईला फोन केला. तिकडे चार तास मागे, तिचा दुपारचा चहा. सगळं सांगितलं, पुस्तक, बाई, चष्मा. ती म्हणाली, "मग बरोबरच विचारलं की तिनं. तुला कुणी नेलं न्हाई, तू पेढे वाटून गेलीस." मी म्हटलं आई, तुला काही वाटतं की नाही! "वाटतंय की. पण तू कुठं हायस ते कळतंय बघ, त्या निळ्या टिकल्या झाल्या की." मग मी गड्ड्याचं काढलं, ती पंधरा मिनिटं. ती जोरात हसली.

"पंधरा कुठली, चांगला पाऊण तास! मी येड्यागत फिरायलेय, पायातली चप्पल तुटली, आन तू पोलिसाच्या खुर्चीवर बसून बत्तासे खायलीस. रडत बिडत नव्हतीस काय. मला बघून म्हणालीस, एवढ्यात आलीस?"

मला बत्तासे अजिबात आठवत नाहीत. पोलिस पण नाही. म्हणजे इतकी वर्षं जी जपून ठेवलीय ती आठवण आईची आहे आणि मी फक्त बत्तासे खाल्ले. फोन ठेवल्यावर मी एकटीच किचनमध्ये हसत होते, सई येऊन बघून गेली.

पुढच्या महिन्यात गटात 'रुबी मूनलाइट' आहे. शेंगाचटणी कुटून नेणार आहे, त्या बाईंच्या शेजारी बसणार आहे आणि तोंड उघडणार नाही. म्हणजे आत्ता तरी असं ठरवलंय. बत्ताशांचं मात्र सांगावंसं वाटतंय, वाक्य दोनदा घोळवून पण झालं, फक्त बत्ताशाला इंग्रजीत काय म्हणतात ते अडलंय.