तुम्ही विचारलंत म्हणून: बोर्डाने 'नाना' लावलं, आता अपील करून काही होतं का?

हा प्रश्न मला कुठेही विचारतात. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, सीएसडी कॅन्टीनच्या रांगेत तर हमखास. मी आर्टिलरीत क्लार्क होतो, सगळी नोकरी कागदातच गेली, त्यामुळे आमच्या सातारा भागातल्या रिटायर पोरांना (पोरं कसली, पन्नाशीला टेकलेले बाप्ये) वाटतं की आबाला सगळं माहिती असणार. सगळं नाही, पण एवढं एक प्रकरण मी स्वतःसाठी शेवटपर्यंत नेलंय, म्हणून जे कळलं ते लिहितो.

ज्यांच्या घरात कुणी फौजेत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोकरी संपताना ज्याला काही आजार किंवा जखम असते, म्हणजे जो लो मेडिकल कॅटेगरीत असतो, त्याचं रिलीज मेडिकल बोर्ड बसतं. बोर्ड तीन गोष्टी लिहितं. आजार कोणता, अपंगत्व किती टक्के, आणि तो आजार नोकरीमुळे झाला का किंवा नोकरीमुळे वाढला का. शेवटच्या रकान्यात दोन्हीला नाही लिहिलं की त्याला फौजी भाषेत 'नाना' लागलं म्हणतात. मग टक्के ३० असू देत नाहीतर ६०, डिसॅबिलिटीचा एक रुपया मिळत नाही. नेहमीची पेन्शन मिळते, ती वेगळी.

तर उत्तर: हो, होतं. अपील केलेल्या बऱ्याच जणांचं झालंय. पण अपील कशाच्या जोरावर करायचं यात लोकांची गल्लत होते.

माझ्याकडे येणारा माणूस पिशवी घेऊन येतो. पिशवीत ईसीजी, एक्सरे, कालपरवाच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. आणि मग सांगत बसतो, आबा, जिना चढवत नाही, रात्री झोप लागत नाही, बायको म्हणते दिल्लीला साहेबांना पत्र लिहा. मी ऐकून घेतो कारण त्याला ते सांगायचंच असतं, पण अरे बाबा, तुझा त्रास बोर्डाने नाकारलेलाच नाही! त्यांनी ३० टक्के स्वतःच्या हाताने लिहिलेत. भांडण किती दुखतंय याचं नाहीये, कशामुळे दुखतंय याचं आहे. आणि त्याचा निकाल आजच्या एक्सरेवर लागत नाही, तो लागतो तू अठराएकोणीस वर्षांचा असताना भरतीच्या मैदानावर झालेल्या मेडिकलवर आणि बोर्डाने त्या एका रकान्यात कारण म्हणून काय लिहिलंय त्यावर.

हे कसं ते सांगतो. १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स आहेत, म्हणजे जखम किंवा आजाराची पेन्शन कुणाला द्यायची त्याचे नियम. त्यात धरून चाललेलं आहे की भरतीच्या वेळी कागदावर कुठला आजार नोंदवला नसेल तर माणूस धडधाकट होता, आणि नंतर जे झालं ते नोकरीत झालं. आता बोर्डाला जर म्हणायचं असेल की हा आजार आधीपासूनच अंगात होता पण भरतीच्या तपासणीत कळण्यासारखा नव्हता, तर ते का, याची कारणं बोर्डाने लिहायची. नुसतं 'कॉन्स्टिट्युशनल डिसऑर्डर' म्हणजे शरीराचाच दोष असं लिहून सुटका नाही.

सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हेच पक्कं केलं. हे सिग्नल्सचे जवान, १९८५ ला भरती, नऊएक वर्षांनी फिट्स येतात म्हणून घरी पाठवलं, अपंगत्व २० टक्के आणि शेरा काय तर नोकरीशी संबंध नाही. कोर्टाने पाहिलं की भरतीच्या वेळी तशी काही नोंद नाही आणि बोर्डाने कारणही दिलेलं नाही, मग पेन्शन द्या. सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही, सरकारवर, आणि शंका राहिली तर फायदा जवानाला. आज आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये (म्हणजे फौजेच्या केसेससाठीचं वेगळं कोर्ट) वकील उभा राहिला की पहिलं नाव हेच घेतो.

म्हणून मी पिशवी बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो, बोर्डाची प्रोसिडिंग, म्हणजे बोर्डाने भरलेले सगळे कागद, कुठंय? दहातल्या आठांकडे नसते. सही केली, निघून आले. तर पहिलं काम ते. आपल्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जिथे आपली नोकरीची कागदपत्रं असतात तिथे (मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, माझं नाशिकरोडला, प्रत्येकाचं वेगळं) आरटीआयचा अर्ज टाकायचा, दहा रुपये फी. रिलीज बोर्डाची प्रोसिडिंग, भरतीच्या मेडिकलचा कागद, आणि जिथे पहिल्यांदा आजार सापडला तिथल्या स्पेशालिस्टचं ओपिनियन, या तिन्हीची प्रत मागायची. जखम असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी (फौजेची आतली चौकशी) झाली असेल तर तिची प्रत सुद्धा. नियमाने ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

माझंच सांगतो. मला बीपी. वरती उंचावर (हाय अल्टिट्यूड) ठरलेली मुदत काढली, खाली पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत आलो आणि तिथल्या वार्षिक मेडिकलमध्ये बीपी सापडलं. बोर्डाने ३० टक्के दिले, आयुष्यभरासाठी, आणि नाना. कारण काय लिहिलं तर आजार पीस स्टेशनला सुरू झाला. आता गंमत बघा, त्याच प्रोसिडिंगच्या पहिल्या भागात माझ्या पोस्टिंगची यादी आहे, कुठे फील्ड कुठे पीस सगळं तारखेनिशी, आणि बीपीच्या आधीची ओळ हाय अल्टिट्यूडची. पान उलटून कुणी बघितलंच नाही. मेडिकल ऑफिसरांसाठी जी गाइड आहे तिच्यात लिहिलंय की बीपीच्या केसमध्ये फील्ड, उंच जागा, काउंटर इन्सर्जन्सी (दहशतवाद्यांविरुद्धची मोहीम) इथली नोकरी विचारात घ्यायची. हार्ट अटॅक असेल तर आधीच्या १४ दिवसांत माणूस काय ड्यूटी करत होता ते बघायचं. म्हणजे बीपी पीस स्टेशनला सापडलं म्हणून विषय संपत नाही. सापडणं वेगळं आणि सुरू होणं वेगळं, बीपी काय घंटी वाजवून येतं का?

मी अपिलात दुखण्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. भरतीत फिट होतो, हा कागद. हाय अल्टिट्यूडला होतो, हा कागद. बोर्डाने पटेल असं कारण दिलेलं नाही, हा रकाना. एवढंच. तरी पहिलं अपील दोन ओळींत फेटाळलं गेलं आणि दुसरंही. याने घाबरायचं नाही, बहुतेकांचं असंच होतं. पण म्हणून ते टाळायचंही नाही, कारण ट्रिब्युनल पहिल्यांदा हेच विचारतं की खात्यातले मार्ग वापरले का.

मार्ग कोणते ते एकदा सांगून टाकतो. नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं की सहा महिन्यांत दुसरं अपील, पत्रातच पत्ता दिलेला असतो. अपील पाठवून सहा महिने झाले आणि उत्तरच आलं नाही तर मार्ग संपले असं धरून थेट आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलला जाता येतं. ट्रिब्युनल २००७ च्या कायद्याने झालं, २००९ पासून चालू आहे, आपल्यासाठी मुंबई बेंच, महाराष्ट्र गुजरात गोवा सगळं तिथे. सगळं रजिस्टर एडीने पाठवा आणि पावती जपा, व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांना फोटो पाठवला हे अपील नसतं.

उशीर झालेले फार विचारतात. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, आता चालेल का? चालतं. पेन्शन दर महिन्याला बुडते म्हणजे अन्याय दर महिन्याला नवा होतो असं कोर्ट धरतं, फक्त मागची थकबाकी साधारणपणे केस टाकल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, २००८ चा तरसेम सिंग निकाल. म्हणजे जितका उशीर तितके पैसे गेले, पण पुढचं वाचतं.

पैसे किती हा खरा प्रश्न असतो, विचारायला लाजतात. नेहमीसारखं रिटायर झालेल्याला १०० टक्के अपंगत्व असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि कमी असेल तर त्या प्रमाणात. पण आकडा वर ओढतात, त्याला ब्रॉडबँडिंग म्हणतात. ५० च्या खाली असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, त्याच्या वर १००. समजा पगार ४० हजार आणि अपंगत्व ३० टक्के. १०० टक्क्यांना १२ हजार झाले असते, आपले ३० चे ५० झाले म्हणजे ६ हजार, वर महागाई. आधी हे फक्त आजारामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांना द्यायचे, नोकरी पूर्ण करून आलेल्यांना नाही. डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने सगळ्यांना लागू झालं. तर ज्यांना आधीच डिसॅबिलिटी मिळते त्यांनीही स्पर्शवर (फौजी पेन्शनची वेबसाइट) आपली पीपीओ, म्हणजे पेन्शनची ऑर्डर, उघडून बघा, ३० चे ५० झालेत का. नातवाला सांगा, तो दोन मिनिटांत उघडेल. आणि नोकरी पूर्ण करून आलेला असाल तर २० टक्क्यांच्या खाली काही नाही. कानाच्या केसेस इथेच मार खातात, आयुष्यभर तोफेजवळ उभा राहिलेला गनर आणि बोर्ड त्याला देतं १५ नाहीतर १९ टक्के.

आता जे लोकांना आवडत नाही ते पण लिहितो. सगळ्यांचं होत नाही. सुट्टीवर बहिणीच्या घरी जिन्यावरून पडलेल्या एका नाइकाची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं. सुट्टी ही ड्यूटी धरतात हे खरं, पण पडण्याचा आणि फौजेच्या कामाचा काहीतरी संबंध लागतो. सुट्टीवर येताजाताना झालेला अपघात वेगळा, त्यात आशा असते. पण गावात मोटारसायकलवरून पडलात, तर मी खोटी आशा लावत नाही, मग माणूस नाराज होऊन दुसरा कुणीतरी आबा शोधतो.

आणि सरकार म्हणतं लोक फायदा उपटतात. उपटत असतील काही. कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्यांच्या) रिपोर्टातच आलंय की रिटायर होणाऱ्या ऑफिसरांमध्ये डिसॅबिलिटी पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा कितीतरी जास्त आहे. आता ऑफिसर जास्त आजारी पडतात का, की त्यांना कोणत्या रकान्यात काय लिहायचं ते ठाऊक असतं? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. जवान इंग्रजी फॉर्मवर दाखवतील तिथे सही करतो. त्यात घरात कुणाला हा आजार होता का असाही प्रश्न असतो, आणि आमचा गडी मोठेपणाने सांगतो, हो साहेब, वडिलांना पण बीपी होतं. झालं. वडिलांना सत्तरीत झालेलं, पण ते कोण लिहितो? खोटं सांगू नका, पण कधी झालं ते वयासकट लिहायला लावा आणि सही करायच्या आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर युनिटच्या क्लार्ककडून वाचून घ्या, तो नाही म्हणणार नाही.

२०२३ ला नियम बदललेत. सप्टेंबर २०२३ नंतर रिटायर झालेल्यांना नवे नियम, नावही बदललं, नोकरी पूर्ण करून येणाऱ्याला आता इम्पेअरमेंट रिलीफ म्हणतात, आणि बीपीसारख्या आजारांना पोस्टिंग कुठे होती ते जास्त कडक बघतात. त्यामुळे माझ्या केसची नक्कल मारून नव्या पोरांनी अर्ज लिहू नये. आधीच्यांना जुनेच नियम, म्हणजे २००८ च्या आधी रिटायर झालेल्यांना १९८२ चे, नंतरच्यांना २००८ चे.

वेळ किती लागतो? लागतो. बेंचवर मेंबर नसले तर तारखा नुसत्या पुढे जातात. तिथे जिंकलात तरी सरकार हायकोर्टात जाऊ शकतं, २०२३ च्या निकालानंतर तो रस्ता पुन्हा उघडलाय. माझ्या बाबतीत गेले नाहीत, नशीब. ट्रिब्युनलने नोकरीने आजार वाढला हे मान्य केलं, ३० चे ५० धरले, आणि पैसे खात्यावर यायला परत रेकॉर्ड ऑफिसला स्मरणपत्रं पाठवावी लागली.

वकिलाचं म्हणाल तर थकबाकीत टक्के मागणाऱ्यापासून लांब राहा. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला तर उंबऱ्याच्या आतही घेऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपील लिहून द्यायला मदत करतात, फुकट. २०२५ पासून नालसाची (फुकट कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) वीर परिवार सहायता योजना आहे, सैनिक बोर्डांच्या ऑफिसात कायद्याची मदत मिळावी म्हणून, तिथेही विचारा. आणि माझ्याकडे यायचं असेल तर रविवारी सकाळी या, पिशवी घरी ठेवा, प्रोसिडिंग आणा. नसेल आलेली तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणा, अर्ज इथेच बसून लिहू.