वहीची पिशवी

देहूतून निघालेल्या तुकोबांच्या पालखीची पहिली अभंगआरती होते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. हे आधीच माहीत होतं, तरी दर्ग्यासमोर टाळ-मृदंग सुरू झाले आणि माझा गळा दाटून आला. हात नकळत शबनममधल्या वहीकडे गेला. वाटलं, आपला बेत बरोबर आहे.

बेत असा: वारीत रोज सकाळी एक उतारा वाचायचा, करुणेवरचा, निरनिराळ्या धर्मांतला. दोन महिने खपून मी ते शाईच्या पेनानं सुवाच्य उतरवून काढले होते. तुकोबांचा 'जे का रंजले गांजले' तर होताच. बौद्धांच्या सुत्तनिपातातलं मेत्तसुत्त होतं, एकुलत्या एका लेकराला आई जीव धोक्यात घालून जपते तसं साऱ्या जीवांना जपा, असं सांगणारं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय होता, कुराणातला 107वा सूरा, म्हणजे अध्याय, होता. काकडा झाला की दिंडीच्या ट्रकच्या आडोशाला बसून वाचायचो. कुणी बघतंय का, हेही बघायचो. खोटं कशाला बोलू?

पाटस सोडलं त्या सकाळी लूकचं पान होतं. वाटमाऱ्यांनी अर्धमेला करून टाकलेला माणूस; याजक त्याला पाहून पलीकडच्या बाजूनं निघून जातो, लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही जातो. थांबतो तो शोमरोनी, यहुदी ज्यांना जवळ करत नसत त्यांच्यातला.

रोटी घाटात कडेला एक आजी पाय धरून बसल्या होत्या. मी पाहिलं. अभंग ऐन रंगात होता, आमची रांग पुढे सरकत होती, दिंडी चुकली तर तळावर शोधत फिरावं लागेल... मी पुढे गेलो. वीसेक पावलांवर मागे वळलो तर दुसऱ्या दिंडीतला एक बाप्या उकिडवा बसून आजींच्या पायाच्या फोडातून सुई-दोरा काढत होता. त्याच्या तोंडचा अभंग थांबला नव्हता.

डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली छापलेला एक प्रयोग आहे. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं; वाटेत एक माणूस कण्हत पडलेला, अर्थात ठरवून. फार घाईत असलेल्यांपैकी 10 टक्के थांबले, घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के. काहींना तर याच शोमरोन्याच्या गोष्टीवर बोलायचं होतं. त्यानं म्हणावा असा फरक पडला नाही. पूर्वी हे वाचताना मला हसू आलं होतं.

सराटीच्या अलीकडे पावसानं गाठलं. त्या दिवशीचं पान 107व्या सूऱ्याचं, 'अल-माऊन'. सात छोट्या आयती, म्हणजे ओळी. अनाथाला हाकलणारा आणि लोकांना दाखवायला नमाज पढणारा यांचा त्यात खरपूस समाचार आहे, आणि शेवटचा फटका 'माऊन' नाकारणाऱ्यांना. माऊन म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांत देण्याघेण्याची साधी चीजवस्तू. जुने भाष्यकार उदाहरणं देतात ती कुऱ्हाड, भांडं, बादली यांची.

शेजारी चालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "माउली, ती प्लॅस्टिकची पिशवी देता का? बीपीच्या गोळ्या भिजाय लागल्यात."

"ही वहीची आहे," मी म्हणालो.

"बरं, असू द्या," म्हणत त्यांनी गोळ्यांची पाकिटं पदराच्या टोकात बांधली. रागावल्या नाहीत, पुन्हा मागितलंही नाही. पुढच्या ओळीला टाळ धरला.

शंभरेक पावलं मी कसाबसा चाललो. मग वही काढून शबनममध्ये कोंबली आणि पिशवी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पदराची गाठ दातांनी सोडली, गोळ्या पिशवीत घातल्या, तोंड पिळून गाठ मारली.

"वही भिजंल की वो," त्या म्हणाल्या.

भिजलीच. तळावर पोचून उघडली तर निळं पाणी गळत होतं. बॉलपेननं लिहायला हवं होतं.