नानांची पट्टी

अमळनेरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि हे जुने कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. चालते कॉम्प्युटर भंगारात का घालायचे, लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकू, असं मालकांना मीच पटवलं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी पाचही बदलले. जुन्या हार्डडिस्क तेवढ्या काढून ठेवल्या. नेट, मेल, प्रिंटर, सगळं सुरळीत चाललं.

सोमवारी काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. नाना दिवाणजींनी त्यांची एक्सेलची फाइल लिब्रेऑफिस या एक्सेलसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली, तर शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! नावं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. फॉन्ट टाकला, नावं परत आली. मग नानांनी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पावती, छापणारं 'पट्टी काढा' हे बटण दाबलं. एरर. पुन्हा दाबलं. तीच एरर.

भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, आठ टक्क्यांवरच्या ओलाव्याची घट, हमाली, उचल, हे सगळं वजा होऊन त्या एका बटणावर पट्टी छापून यायची. बारा वर्षांत थोडा थोडा वाढवलेला तो मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. आकडे आणि बेरजा लिब्रेऑफिसमध्ये जशाच्या तशा आल्या होत्या. पण मॅक्रो मायक्रोसॉफ्टच्या व्हीबीए या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला, आणि व्हीबीए लिब्रेऑफिसला अर्धवटच कळतं. लोक विंडोज सोडत नाहीत ते विंडोजच्या प्रेमापोटी नव्हे, अशा एखाद्या फाइलपायी, हे मला त्या दिवशी कळलं.

खिडकीतून एका शेतकऱ्याने विचारलं, "भाऊ, पट्टी कव्हय भेटी?"

नानांनी काही न बोलता कार्बन घालून हाताने पट्ट्या लिहायला घेतल्या. चौथ्या पट्टीला चष्मा काढून डोळे चोळले. मला फार लागलं. प्रिंटरपासून सगळं तपासलं होतं, पण नाना दिवसभर नेमकं काय करतात हे मी विचारलंच नव्हतं.

त्यांची जुनी डिस्क परत लावली. बाकी चौघांना मॅक्रोची गरजच नाही, तिथे मिंट राहू द्या, असं मी मालकांना परोपरीने सांगितलं. "भाऊ, सीझन आहे. पाचही पहिल्यासारखे करा," ते म्हणाले. केले.

निघताना नानांकडून फाइलची प्रत मागून घेतली. माझं दुकान बंद केल्यावर रोज रात्री तो मॅक्रो लिब्रेऑफिससाठी नव्याने लिहितोय. ओलाव्याची घट जमली. उचलीचा हिशोब अडलाय, त्यासाठी गुरुवारी नानांजवळ जाऊन बसणार आहे.